पाळीची माती आणि प्रयोगशाळेचा खर्च

अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या पाहणीसाठी समिती यावयाची असली म्हणजे प्रथम बाहेर येते ती मोजपट्टी. वर्गखोली ६६ चौरस मीटर, प्रयोगशाळा ६६ चौरस मीटर, आरेखन कक्ष १३२ चौरस मीटर, ही अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेची वर्षानुवर्षांची मापे. ती भरली, यंत्रांची यादी जुळली, खरेदीच्या पावत्या सापडल्या, की सुविधा पुरेशा ठरतात. जे मोजता येते तेच मोजावयाचे, हा प्रशासनाचा स्वभावच असतो आणि त्याबद्दल त्याला दोष देण्याचे कारण नाही. परंतु स्थापत्य अभियांत्रिकीच्या पदवीधराने तलावाच्या पाळीवरची मूठभर माती हाती घेऊन ती टिकेल की वाहून जाईल हे सांगावे, अशी समाजाची अपेक्षा असेल, तर प्रश्न चौरस मीटरांपाशी संपत नाही. प्रयोगशाळा उभारण्यास किती लागले यापेक्षा ती वर्षानुवर्षे चालविण्यास किती लागते आणि तो खर्च कोणी सोसावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आणि तो गोंदियासारख्या जिल्ह्यात जितका निकडीचा आहे तितका क्वचितच दुसरीकडे असेल.

भंडारा जिल्ह्यातून १ मे १९९९ रोजी वेगळा झालेला हा आठ तालुक्यांचा जिल्हा धानाचा आणि तलावांचा आहे. पूर्व विदर्भात मालगुजारीच्या काळातले सहा-सात हजार तलाव आहेत असे मानले जाते; त्यांतील मोठा वाटा भंडारा-गोंदियाचा. ‘माजी मालगुजारी’ या शब्दांची आद्याक्षरे घेऊन सरकारी कागदांनी त्यांना ‘मामा तलाव’ असे नाव दिले, आणि गंमत अशी की ते नाव गावोगाव रूढही झाले. गोंड राजांच्या आश्रयाने कोहळी समाजाने हे तलाव बांधले. अर्जुनी मोरगाव तालुक्यातील नवेगावबांध हा त्यांतील सर्वांत नामांकित. त्याचे श्रेय परंपरा कोलू पाटील कोहळी यांना देते. पुढे ब्रिटिश अमदानीत तिरोडा तालुक्यात बोदलकसा आणि चोरखमारा येथे जलाशय झाले, स्वातंत्र्यानंतर गाढवी नदीवर इटियाडोह धरण झाले. १९५०च्या कायद्याने मालगुजारी संपली, तलाव सरकारजमा झाले, आणि पुढे शंभर हेक्टरांपर्यंत सिंचनक्षमता असलेल्या तलावांची जबाबदारी जिल्हा परिषदेकडे आली. ज्याच्या शेताला पाणी मिळे तोच पूर्वी पाळीची काळजी वाही. आता ती काळजी एका उपविभागाच्या टेबलावर येऊन पडली, आणि त्या टेबलाजवळ माणसे थोडी, वाहन एखादे आणि तलाव शेकडो, अशी स्थिती झाली.

या तलावांच्या पाळी मातीच्या आहेत आणि जिल्ह्यातली माती एकजात नाही. जुन्या जमाबंदीच्या कागदांत कन्हार, मोरांड, सिहार, खर्डी, बर्डी अशी तिची नावे आढळतात. शेतकरी ही नावे धानाच्या पिकाच्या हिशेबाने घेतो; अभियंत्यास तीच माती वेगळ्या हिशेबाने ओळखावी लागते. काळी कन्हार पाणी धरते खरी, पण ओली झाली की फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. वाळूमिश्रित सिहार दबते चांगली, पण पाणी झिरपू देते. पाळीच्या गाभ्यात कोणती घालावयाची आणि बाहेरच्या उतारावर कोणती, हे डोळ्यांनी ठरविण्याचे कौशल्य कोहळ्यांपाशी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवातून आले होते. ज्या पाळी फुटल्या त्या कोणाच्या स्मरणात राहिल्या नाहीत आणि ज्या टिकल्या त्यांनी पुढच्यांना शिकविले. तीन-चार वर्षांत अभियंता घडविणाऱ्या महाविद्यालयाला इतकी सवड नसते. म्हणून प्रयोगशाळा लागते.

मातीच्या दाबणीची जी चाचणी आज प्रत्येक स्थापत्य विभागात शिकविली जाते, तिचा उगम मातीच्या धरणांतच आहे. लॉस एंजेलिसच्या पाणीपुरवठा खात्यातील राल्फ प्रॉक्टर या अभियंत्याने ती १९३३ साली मांडली. तत्त्व साधे आहे. कोरडी माती कितीही ठोकली तरी पुरती बसत नाही. फार ओली झाली की पाणीच जागा अडविते. या दोहोंच्या मध्ये ओलाव्याचे एक प्रमाण असे असते की त्या प्रमाणाला तीच माती त्याच ठोक्यांनी सर्वांत घट्ट बसते. हे प्रमाण प्रत्येक मातीचे निराळे. ते शोधण्यासाठी एक लिटर मापाच्या साच्यात माती तीन थरांत भरावयाची आणि २.६ किलोग्रॅमची मोगरी ३१० मिलिमीटर उंचीवरून सोडून प्रत्येक थरास पंचवीस ठोके द्यावयाचे. ओलावा वाढवीत हे निदान पाच वेळा करावयाचे. एकूण ठोके होतात ३७५. वीस विद्यार्थ्यांच्या तुकडीस एकच साचा असेल तर प्रत्येकाच्या वाट्याला एकोणीस ठोकेही येत नाहीत. आणि व्यवहारात तेही येत नाहीत, कारण दोन धिप्पाड मुले ठोकीत असतात, एक आकडे घेत असतो आणि उरलेले सतरा खिडकीबाहेर पाहत असतात. चार-चार विद्यार्थ्यांच्या गटास एक याप्रमाणे पाच साचे, पाच तराजू आणि नमुने सुकविण्यास पुरेशी भट्टी असेल तर प्रत्येकाच्या हाताला मातीचा स्पर्श होतो. पाहणी समितीच्या यादीत मात्र ‘दाबणी चाचणीचे साहित्य : आहे’ असे लिहिताना एक साचा आणि पाच साचे यांत फरक पडण्याचे काही कारण राहत नाही.

हा कोणा एका महाविद्यालयाचा दोष नव्हे. तो खर्चाच्या रचनेतला दोष आहे.

कोठून आले हे शिक्षण

आपल्या देशात स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण सुरू झाले तेच मुळी कामाच्या गरजेतून. गंगेचा कालवा खणावयाचा होता आणि त्यासाठी जाणकार माणसे हवी होती, म्हणून १८४७ मध्ये रुरकीचे महाविद्यालय निघाले. कालव्याचे काम हीच तेथील विद्यार्थ्यांची मोठी प्रयोगशाळा होती. पुण्याचा अभियांत्रिकी वर्ग १८५४ चा, तोही सार्वजनिक बांधकामासाठी कनिष्ठ अधिकारी तयार करण्याकरिता. त्या काळी शिकविणारे खाते आणि काम करून घेणारे खाते ही जवळजवळ एकच होती. विद्यार्थ्यावर झालेला खर्च सरकारला त्याच्याच कामातून परत मिळत असे, म्हणून तो खर्च करताना सरकारचा हात आखडत नसे. हाच हिशेब नागपूरला १९६० मध्ये विश्वेश्वरय्या प्रादेशिक अभियांत्रिकी महाविद्यालय स्थापन झाले तेव्हाही, थोड्या निराळ्या स्वरूपात, कायम होता. केंद्र व राज्य सरकारांनी खर्च उचलला होता आणि पदवीधरांना धरणे, रस्ते, कारखाने वाट पाहत होते.

१९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली आणि हा हिशेब बदलला. त्या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि तीतील बरीचशी योग्यही होती. परंतु त्यामुळेच पुणे-मुंबई-नागपूरबाहेरच्या मुलांना अभियांत्रिकीचे दार उघडले, हेही नाकारता येत नाही. मनोहरभाई पटेल यांनी १९५८ मध्ये स्थापन केलेल्या गोंदिया शिक्षण संस्थेने त्याच सुमारास गोंदियात त्यांच्या नावाचे अभियांत्रिकी महाविद्यालय काढले. नागपूर तेथून रेल्वेने सुमारे १३० किलोमीटर. सालेकसा किंवा देवरीच्या मुलाला ते याहून दूर, आणि वसतिगृहाच्या व खाणावळीच्या खर्चाने आणखी दूर. जिल्ह्याच्या ठिकाणी अभियांत्रिकीचे शिक्षण मिळणे ही त्या मुलाच्या दृष्टीने चैन नव्हती. तथापि विनाअनुदान या शब्दाचा अर्थच असा की प्रयोगशाळेतल्या मोगरीपासून प्रयोगशाळा साहाय्यकाच्या पगारापर्यंत सारे काही विद्यार्थ्याच्या शुल्कातून भागावे. पुढे शुल्क ठरविण्यासाठी समित्या आल्या, २०१५ च्या कायद्याने शुल्क नियामक प्राधिकरण आले. नफेखोरीस काही आळा बसला. पण शुल्क हाच एकमेव झरा ही मूळ व्यवस्था तशीच राहिली.

एकच शुल्क, निराळे खर्च

येथे अर्थशास्त्राचा एक साधा मुद्दा लक्षात घ्यावयास हवा. एका महाविद्यालयात सर्व शाखांना शुल्क सर्वसाधारणपणे एकच असते. खर्च मात्र एक नसतो. संगणक शाखेची प्रयोगशाळा म्हणजे टेबले, यंत्रे, वीज आणि जोडणी. तीच खोली सकाळी एका वर्गास, दुपारी दुसऱ्यास, सायंकाळी तिसऱ्या शाखेस वापरता येते. यंत्रे पाच-सहा वर्षांत जुनी होतात हे खरे, पण ती स्वस्तही होत जातात. स्थापत्य शाखेचे तसे नाही. काँक्रीटचे घन दाबून फोडण्याच्या यंत्रास भक्कम पाया लागतो. ते हलविता येत नाही आणि दुसऱ्या कोणत्याही शाखेच्या कामाचे नाही. द्रवगतिशास्त्राच्या प्रयोगशाळेत पंप, टाक्या, वाहिन्या आणि गळणारे सांधे यांचा संसार असतो. सर्वेक्षणाला थिओडोलाइट, डंपी लेव्हल आणि आता टोटल स्टेशन लागते. रस्त्यांच्या प्रयोगशाळेला डांबर तापवावे लागते. भूशास्त्राला खडकांचे नमुने लागतात. शिवाय येथे प्रत्येक प्रयोगात काहीतरी खर्ची पडते. सिमेंट, वाळू, खडी, डांबर ही पुन्हा वापरता येत नाहीत. १५० मिलिमीटर बाजूचा, एम-२० प्रतीचा काँक्रीटचा घन ओतावयाचा, अठ्ठावीस दिवस पाण्यात ठेवावयाचा, आणि मग सुमारे ४५ टनांच्या भाराखाली तो क्षणात फोडावयाचा, असा हा व्यवहार आहे. फुटलेल्या घनाची किंमत शून्य असते. विद्यार्थ्याला जे कळते ते मात्र त्या फुटण्यातूनच कळते.

शुल्क समान आणि खर्च असमान असला म्हणजे संस्थाचालकाचा कल कोणीकडे जाईल हे सांगण्यास अर्थतज्ज्ञ लागत नाही. त्यात विद्यार्थ्यांचा ओढाही संगणक शाखांकडे. गेल्या दशकात राज्यभर स्थापत्य आणि यंत्र शाखांच्या जागा रिकाम्या राहिल्या, काही ठिकाणी त्या कमी करण्यात आल्या. २०२४ पासून तंत्रशिक्षण परिषदेने शाखानिहाय प्रवेशक्षमतेवरील वरची मर्यादाही सैल केली. म्हणजे ज्या शाखेला मागणी आहे ती हवी तितकी वाढविता येईल, आणि जिला नाही ती आपोआप सुकेल. शिक्षक-विद्यार्थी प्रमाण २०१८ मध्ये पंधरास एक होते ते वीसास एक झाले, याचा फटकाही प्रथम बसतो तो प्रात्यक्षिकांना. व्याख्यान साठांना देता येते तसे ते ऐंशींनाही देता येते. साच्यावरचे ठोके वाटून देता येत नाहीत.

शुल्क वाढविणे हा यावर उपाय नाही. गोंदियासारख्या जिल्ह्यात धानाच्या दोन-तीन एकरांवर किंवा तेंदूपाने आणि विडीच्या मजुरीवर घर चालविणाऱ्यांची मुले शिकावयास येतात. शिष्यवृत्त्या व शुल्कमाफीच्या योजनांनी त्यांचा भार हलका होतो. जुलै २०२४ च्या निर्णयाने अनेक प्रवर्गांतील मुलींचे शिक्षणशुल्क आणि परीक्षाशुल्क पूर्ण माफ झाले, हे स्वागतार्हच आहे. पण या योजनांतला सरकारचा हप्ता संस्थेच्या हाती पडावयास विलंब होतो, आणि विलंबाच्या काळात कात्री लागते ती पगाराला लावता येत नाही म्हणून प्रयोगशाळेला. यंत्राची दुरुस्ती पुढल्या वर्षावर जाते. भारमापकाचे अंशशोधन राहून जाते. एखादा प्रयोगशाळा साहाय्यक निवृत्त होतो आणि त्याची जागा भरली जात नाही. तो गेल्यावर कळते की कोणत्या पंपाला आधी पाणी भरावे लागते आणि कोणत्या झडपेला हातोडीचा हलका ठोका द्यावा लागतो, हे एका माणसालाच ठाऊक होते. मग वहीत जुन्या वहीतले आकडे उतरविले जातात. ते आकडे इतके नेमके असतात की परीक्षकालाही शंका येऊ नये; प्रत्यक्षातली माती इतकी शहाणी कधीच नसते.

परिणाम कोणाच्या वाट्याला

अशा शिक्षणाचा तोटा फक्त त्या विद्यार्थ्याचा असता तर प्रश्न खासगी राहिला असता. तसा तो नाही. २ जुलै २०१९ च्या रात्री चिपळूण तालुक्यातील तिवरे येथील मातीचे धरण फुटले आणि वीसच्या आसपास माणसे गेली; ते धरण फार जुने नव्हते. १२ जुलै १९६१ च्या पानशेतची आठवण तर पुण्याने अद्याप पुसलेली नाही. दुर्घटनेनंतर चौकशी होते, खेकड्यांपासून कंत्राटदारापर्यंत सर्वांची नावे घेतली जातात. आधीची एखादी गळती कोणा कनिष्ठ अभियंत्याला दिसली असेल काय, आणि दिसली असल्यास तिचा अर्थ त्याला उमगला असेल काय, हा प्रश्न फारसा कोणी विचारीत नाही. गोंदिया जिल्ह्यात पाळ फुटली तर बहुधा माणसे मरत नाहीत. खालच्या बांध्यांतला धान वाळूखाली जातो, एका गावाचे एक वर्ष बुडते आणि वर्तमानपत्रात चार ओळी येतात. म्हणून ती हानी लहान ठरत नाही.

तात्पर्य, स्थापत्य विभागाची प्रयोगशाळा ही जिल्ह्याच्या उपयोगाची वस्तू असेल, तर तिचा सारा खर्च त्या जिल्ह्यातल्या गरीब विद्यार्थ्याच्या शुल्कावर टाकणे न्याय्य नाही आणि शहाणपणाचेही नाही. तो खर्च जिल्ह्यात दरवर्षी होणाऱ्या बांधकामांवर पडावयास हवा. त्यासाठी नवा कर लागत नाही. सरकारी कामांच्या अंदाजपत्रकांत साहित्याच्या चाचणीसाठी तरतूद असतेच. ग्रामपंचायतीचा सिमेंट रस्ता, जिल्हा परिषदेची शाळाखोली, पाटबंधारे खात्याचा नहर, या सर्वांच्या काँक्रीटची आणि मातीची चाचणी कोठेतरी व्हावीच लागते. ती गोंदियातच शासकीय तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकी महाविद्यालयात व्हावी, तिचे शुल्क त्या प्रयोगशाळेच्या स्वतंत्र खात्यात जमा व्हावे, आणि ते अंशशोधन, दुरुस्ती, साहित्य व साहाय्यकांचे वेतन यांखेरीज कशावरही खर्च करता येऊ नये, एवढी व्यवस्था पुरेशी आहे. काही ठिकाणी महाविद्यालये अशी कामे करतातही. उणीव आहे ती जिल्ह्याच्या पातळीवरील बांधिलकीची; आज काम आले तर आले, न आले तर नाही, अशा भरवशावर कोणतीही संस्था माणूस नेमीत नाही.

यावर आक्षेप घेता येतील आणि ते पोकळ नाहीत. चाचणीचे पैसे कंत्राटदाराच्या खिशातून येणार असतील तर अहवालही त्याच्या सोयीचा यावयाचा धोका आहे. शुल्क घेऊन दाखले देणारे दुकान असे प्रयोगशाळेला रूप आले तर विद्यार्थी पुन्हा खिडकीपाशीच उभे राहतील. पहिल्या धोक्यावर उपाय असा की नमुना खात्याने घ्यावा, त्यावर कामाचे नाव न घालता केवळ क्रमांक घालावा, आणि पैसेही खात्यानेच भरावेत. दुसऱ्यावर उपाय विद्यापीठाच्या हाती आहे. चाचणीसाठी आलेला नमुना विद्यार्थ्यांच्या तुकडीने शिक्षकाच्या देखरेखीखाली तपासला, तर त्याची नोंद प्रात्यक्षिकांच्या वहीत ग्राह्य धरावी. खऱ्या रस्त्याचा घन फुटणार आहे आणि तो ठरल्या भाराच्या आत फुटला तर कोणालातरी जाब द्यावा लागणार आहे, हे ठाऊक असलेली तुकडी आकडे उतरवून काढीत नाही. प्रयोगशाळेस राष्ट्रीय मंडळाची मान्यता मिळवावयाची तर त्यास वर्षे आणि पैसा लागतो, हा तिसरा आक्षेप खरा आहे; परंतु कामाची हमी असेल तर तो पैसा उभा राहतो, हमी नसेल तर कधीच नाही.

आणखी एक गोष्ट. संशोधन म्हणजे दूरच्या नियतकालिकातला निबंध, अशी समजूत लहान गावांतल्या महाविद्यालयांची झाली आहे. गोंदिया ही भातगिरण्यांची नगरी. धान कांडले की वजनाचा सुमारे पाचवा भाग कोंड्याचा निघतो. तो जाळल्यावर उरणाऱ्या राखेत सिलिकाचे प्रमाण फार मोठे असते, आणि योग्य तापमानाला जळालेली ही राख सिमेंटचा काही अंश वाचवू शकते. तिरोड्याला ३,३०० मेगावॅटचे औष्णिक वीजकेंद्र उभे राहिले आहे; तेथल्या राखेचा प्रश्न तर त्याहून कितीतरी मोठा. कोणत्या गिरणीची राख उपयोगी आणि कोणत्या भट्टीची निरुपयोगी, कन्हार मातीत ती किती मिसळली असता मातीचे फुगणे कमी होते, याची उत्तरे परदेशातून यावयाची नाहीत. त्यांना लागणारी यंत्रे पदवीच्या अभ्यासक्रमात सांगितलेलीच आहेत. लागतो तो वेळ, आणि यंत्र चालू स्थितीत ठेवणारा माणूस.

तलावांच्या बाबतीत तर वेळापत्रकाचाच अडसर आहे. सर्वेक्षणाची प्रात्यक्षिके पुष्कळदा पावसाळी सत्रात येतात. त्या दिवसांत बांध्यांत धानाची रोवणी चाललेली असते, पाळीवर गुडघाभर गवत असते आणि टोटल स्टेशन पेटीतच राहते. पाळीची पाहणी करावयाचे दिवस मार्च ते मे. तेव्हा पाणी खाली गेलेले असते, आतला उतार उघडा पडतो, भेगा आणि उंदरांची बिळे दिसतात, सांडव्याचे ढासळलेले दगड मोजता येतात. नेमके त्याच वेळी महाविद्यालयांत परीक्षा आणि नंतर सुटी असते. जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाने दर वर्षी एका तालुक्यातले तलाव निवडून दिले, विद्यापीठाने त्या पाहणीला प्रकल्पाचे गुण दिले आणि मुलांच्या प्रवासाची व जेवणाची सोय झाली, तर आठ वर्षांत आठही तालुक्यांची फेरी होईल. प्रत्येक पाळीची उंची, उतार, गळतीच्या जागा आणि मातीचा नमुना अशी नोंद तयार झाली की नवव्या वर्षी पुन्हा पहिल्या तालुक्यात जाऊन, मधल्या काळात कोणती पाळ किती खचली हे सांगता येईल. आज त्या शेकडो तलावांपैकी बहुतेकांच्या बाबतीत हे सांगता येत नाही.